चढणीची रीत

यात्रा जोडीने करावी, असा आपल्याकडे जुना संकेत आहे. काशी-रामेश्वराला निघालेले दांपत्य घराची व्यवस्था लावून, लेकीसुनांचा निरोप घेऊन, परत येऊ न येऊ अशा तयारीनेच उंबरठा ओलांडीत असे. त्या पायी यात्रेला एक अलिखित नियम होता. चालण्याचा वेग दोघांत जो मंद असेल त्याचा, आणि मुक्कामाची जागा दोघांत जो आधी थकेल त्याची. हा नियम कोणी कोणाला शिकवीत नसे. मागे राहिलेल्या माणसासाठी पुढचा आपोआप थांबत असे, कारण मागचा मागे राहिला आहे हे डोळ्यांना दिसत होते. मोटार आली आणि ही खूण पुसली गेली. शेजारशेजारच्या आसनांवर बसलेली दोन माणसे एकाच वेगाने जातात असे वाटू लागले. वस्तुतः शरीरे दोन असतात आणि त्यांची चाल निरनिराळी असते. सपाटीवर हा भेद जाणवत नाही. उंचीवर तो लपत नाही.

नागपूरच्या एका दांपत्याने सप्टेंबर महिन्यात आपल्या लहानशा मोटारीतून लेहपर्यंत केलेला प्रवास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. पती बासष्ट वर्षांचे, बँकेच्या नोकरीतून निवृत्त झालेले; पत्नी अठ्ठावन्न वर्षांच्या, तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवलेल्या. लेहचा नकाशा त्यांनी फळ्यावर अगणित वेळा काढला होता, पण विंध्याच्या पलीकडचा डोंगर प्रत्यक्ष पाहिला नव्हता. मोटार चालवायला त्या पन्नाशीनंतर शिकल्या होत्या आणि पतिराजांच्या मते अजून शिकतच होत्या.

पहिला वाद मार्गावरून झाला. लेहला रस्त्याने जाण्याच्या दोन प्रमुख वाटा आहेत. एक मनालीवरून, दुसरी श्रीनगरवरून. रोहतांगच्या पोटातून जाणारा नऊ किलोमीटरचा अटल बोगदा २०२० मध्ये खुला झाल्यापासून मनालीची वाट अधिक सोयीची झाली आहे, आणि पतीचा कल तिकडेच होता. पत्नीने वहीत दोन स्तंभ आखून मुक्कामांच्या उंची मांडल्या. मनाली सुमारे २,०५० मीटर. तेथून निघालेला प्रवासी पुष्कळदा दुसऱ्याच रात्री सरचूला ४,२०० मीटरांहून अधिक उंचीवर निजतो. श्रीनगर १,५८५ मीटर, कारगिल २,६७६, लेह ३,५००. या दुसऱ्या वाटेवर खिंडी उंच असल्या तरी रात्रीचे मुक्काम पायरीपायरीने चढत जातात. "अहो, खिंडीत आपण तासभर असू, पण झोपायचे कुठे ते बघा," एवढेच त्या म्हणाल्या. निघण्यापूर्वी त्यांनी आणखी एक अट घातली. दोघांपैकी कोणीही "परत फिरू" म्हणाले तर दुसऱ्याने कारण विचारायचे नाही. पतीने ती हसून मान्य केली. ही अट पत्नीच्याच उपयोगी पडणार, याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती.

नागपूरच्या शून्य मैलाच्या दगडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर आहे. श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत जाणारा चव्वेचाळीस क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग याच शहरातून जातो, त्यामुळे श्रीनगरपर्यंत वाट शोधण्याचे कारणच नव्हते. शहर सोडून उत्तरेला निघाल्यावर पेंचच्या अरण्यात रस्ता उंच खांबांवर चढतो आणि वन्य प्राण्यांना खालून जाण्यासाठी जागा मोकळी सोडतो. त्या वाटांनी वाघ जातात-येतात याचा छायाचित्रांचा पुरावाही मिळाला आहे. पुढे बरमान घाटाजवळ नर्मदा लागली. तिथे उतरून पत्नीने ओंजळभर पाणी डोळ्यांना लावले आणि पतीने घड्याळ पाहिले. दिवसाला पाचशे किलोमीटर हे त्यांचे गणित होते.

सागरपासून पुढची वाट मराठी माणसाला परकी वाटत नाही. सागर हे गोविंदपंत बुंदेल्यांचे ठाणे. पुढे झाशी, त्यापुढे ग्वाल्हेर. कोकणातले वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये द्रव्यार्जनासाठी उत्तरेला निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडून झाशीच्या वेढ्याचे साक्षीदार झाले. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या अंतराला त्या भिक्षुकाला दिवसच्या दिवस पायपीट करावी लागली, ते अंतर हे दांपत्य एका दुपारी, खिडकीच्या काचा वर करून, गार हवेत ओलांडीत होते. चंबळेच्या पुलावरून दोन्ही बाजूंच्या मातीच्या घळी दिसल्या. आग्रा-मथुरेनंतर अधूनमधून रस्त्यालगत विटांचे जुने कोसमिनार दिसू लागले. मोगलांच्या काळात दर कोसाला, म्हणजे साधारण सव्वातीन किलोमीटरला, असा एकेक मिनार उभा असे. त्या काळच्या वाटसरूला एका कोसाचे चालणे संपल्याची ती खूण होती. आजच्या प्रवाशाला दोन मिनारांमधले अंतर बोलता बोलता सरते.

पानिपतला मात्र ती दोघे थांबली. काला आंब येथील स्मारकाजवळ संध्याकाळी फारशी वर्दळ नव्हती. सदाशिवरावभाऊंची फौज मार्च १७६० मध्ये दक्षिणेतून निघाली आणि ऑगस्टमध्ये दिल्लीत पोचली. सैन्याबरोबर बायकामुले होती, तीर्थयात्रेच्या आशेने निघालेले यात्रेकरू होते. खुद्द भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई बरोबर होत्या. डिसेंबरात गोविंदपंत मारले गेले आणि रसद तुटली. १४ जानेवारी १७६१ रोजी जे लढले ते कित्येक दिवसांचे अर्धपोटी होते, आणि दख्खनच्या उबदार हवेत वाढलेल्या त्यांच्या अंगाला त्या हिवाळ्याची सवय नव्हती. पराभवाची कारणे इतिहासकारांनी अनेक सांगितली आहेत. परंतु परक्या हवेत शरीर काय सोसू शकते आणि काय नाही, हाही त्या करुण कथेचा एक भाग आहे. पार्वतीबाई परत आल्या, भाऊ आले नाहीत. पत्नी बराच वेळ तेथे उभ्या होत्या. गाडीत बसल्यावर त्यांनी चालवण्यासाठी किल्ली मागितली. "दमलीस तू, राहू दे," असे म्हणून पतीने ती दिली नाही.

पंजाबात भाताची पिके पिवळी पडू लागली होती. या सपाटीविषयी भूगोलाच्या शिक्षिकेने सांगितलेली एक गोष्ट पतीला नवी होती. यमुना-सतलजच्या काठचा हा सारा गाळ हिमालयाचाच आहे. लाखो वर्षे नद्यांनी पर्वत झिजवून तो इथे आणून पसरला. आपण पर्वताकडे निघालो आहोत असे माणूस म्हणतो खरा, पण पठाणकोटला पोचेपर्यंत तो पर्वताच्याच मातीवरून जात असतो.

जम्मूनंतर रस्ता उभा राहिला. एकेकाळी या वाटेवर पटनीटॉपची बर्फाळ चढण ओलांडावी लागे. २०१७ मध्ये चेनानी-नाशरीचा सव्वानऊ किलोमीटरांचा बोगदा झाला आणि ती वाट सुमारे तीस किलोमीटरांनी कमी झाली. पुढे बनिहालला १९५६ मध्ये पूर्ण झालेला जवाहर बोगदा होता. त्याच्याही खालच्या पातळीवरून साडेआठ किलोमीटरांचा नवा बोगदा २०२१ मध्ये सुरू झाला. या दोहोंच्या मधला, रामबनजवळचा चिनाबकाठचा पट्टा मात्र अजून डोंगराच्या मर्जीवर आहे. तेथे दरड कोसळली होती. या दांपत्याला उधमपूरला एक पूर्ण दिवस थांबावे लागले. खोऱ्यातून सफरचंदे घेऊन निघालेल्या मालमोटारी पलीकडे अडकल्या होत्या आणि फळ सडण्याच्या काळजीने व्यापारी हवालदिल झाले होते. पती अस्वस्थ होऊन दर तासाला चौकशी करीत होते. "एक दिवस वाया गेला," ते म्हणाले. पत्नीने वहीत त्या दिवसापुढे 'मुक्काम' एवढेच लिहिले.

काश्मीर खोऱ्यात शिरल्यावर रस्ता पुन्हा सपाट झाला. अवंतीपुरात नवव्या शतकातल्या राजा अवंतिवर्म्याच्या मंदिरांचे भग्न अवशेष महामार्गालगतच आहेत. पांपूरची केशराची शेते फुलायला महिनाभराहून अधिक अवकाश होता. श्रीनगरला दोन रात्री काढून ती दोघे सोनमर्गकडे निघाली. जानेवारी २०२५ मध्ये खुला झालेला साडेसहा किलोमीटरांचा बोगदा ओलांडला आणि समोर झोजी उभा राहिला.

झोजी ला ही खिंड ३,५२८ मीटरांवर आहे. हिमालयात याहून उंच खिंडी कितीतरी आहेत. परंतु दोन सृष्टींमधला इतका उघड उंबरठा क्वचितच असेल. अलीकडे देवदार, भूर्ज, हिरवी कुरणे आणि ढग. पलीकडे उघडा खडक आणि निळे आकाश. पावसाचे ढग या भिंतीशी अडतात आणि लेहच्या वाट्याला वर्षाकाठी सुमारे शंभर मिलिमीटर पाऊस उरतो. १ नोव्हेंबर १९४८ रोजी जनरल थिमय्या यांच्या नेतृत्वाखाली भारतीय सैन्याने याच खिंडीत रणगाडे चढवले आणि लडाखची वाट मोकळी केली. त्यासाठी लागणारी वाट सैन्यातील अभियंत्यांनी आधी रुंद केली होती. आता खिंडीखालून तेरा किलोमीटरांहून लांब बोगदा खोदण्याचे काम २०२० पासून हाती घेतले गेले आहे. घाटाच्या वळणांवर पतीने फार सावधपणे गाडी हाकली. ते उत्तम चालक होते यात संशय नाही.

द्रासला १९९९ च्या युद्धात पडलेल्या जवानांच्या स्मारकापुढे क्षणभर थांबून ती दोघे कारगिलला पोचली आणि ठरल्याप्रमाणे दोन रात्री राहिली. नंतरच्या दिवशी मुलबेखची कड्यात कोरलेली मैत्रेयाची उत्तुंग मूर्ती, नमिका ला, आणि या मार्गावरचा सर्वांत उंच बिंदू, ४,१०८ मीटरांची फोटू ला. खिंडीच्या अलीकडे रस्त्यावर डांबर टाकण्याचे काम चालू होते. तोंडाला फडकी बांधलेले मजूर उकळत्या पिंपाभोवती उभे होते. चौकशी करता ते झारखंडचे निघाले. सीमा रस्ते संघटना १९६० मध्ये स्थापन झाली, तेव्हापासून या उंचीवरचे रस्ते बांधणे आणि राखणे हे तिचे काम आहे. परंतु फावडे ज्यांच्या हातात असते त्यांतील कितीतरी जण दरवर्षी सपाटीवरून येतात आणि बर्फ पडण्याआधी सपाटीवर परततात. पतीने त्यांतील एका पोरगेल्या मजुराला विचारले, "इथे त्रास होत नाही?" तो म्हणाला, "पहिल्या आठवड्यात होतो, साहेब. मुकादम पहिले काही दिवस जड काम देत नाही."

त्या मुकादमाला जे अनुभवाने ठाऊक होते, ते वैद्यकशास्त्राला फार मोठी किंमत देऊन शिकावे लागले. उंचीवर हवेतील प्राणवायूचे प्रमाण कमी होत नाही. ते सर्वत्र शेकडा एकवीसच असते. कमी होतो तो हवेचा दाब. लेहला तो समुद्रकाठच्या सुमारे दोन-तृतीयांश असतो, आणि खारदुंग ला या खिंडीत जवळजवळ निम्मा. म्हणून लेहला पाणी सुमारे ८८ अंशांनाच उकळते आणि डाळ शिजता शिजत नाही. म्हणूनच श्वासागणिक रक्ताला मिळणारा प्राणवायूही घटतो. शरीर यावर उपाय करते, पण त्याला दिवस लागतात. १९६२ च्या युद्धकाळात आणि नंतर सपाटीवरचे धडधाकट जवान थोड्या वेळात अत्युच्च ठाण्यांवर पाठवावे लागले, तेव्हा त्यांच्यातील अनेकांना डोकेदुखी, वांती, फुप्फुसात पाणी होणे, बुद्धिभ्रम असे विकार जडले. डॉक्टर इंदरसिंग आणि त्यांचे सहकारी यांनी अशा १,९२५ जवानांचा अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध केला, तो आजही जगभर आधारभूत मानला जातो. या विकाराची खोड अशी की बळकट शरीर त्यापासून वाचतेच असे नाही. उलट बळकट माणूस घाई करतो आणि दुखणे लपवतो.

लेहला पोचल्यावर दोन पूर्ण दिवस विश्रांतीचे ठरले होते. पहिल्या रात्री पतीचे डोके दुखू लागले. त्यांनी ते सांगितले नाही. चहा कमी झाला असेल, असे स्वतःला समजावले. दुसऱ्या दिवशी जेवण गेले नाही, तेव्हा भात कच्चा होता म्हणाले. भात खरोखरच कच्चा होता, त्यामुळे पत्नीनेही ते मानले. चौथ्या दिवशी सकाळी ती दोघे खारदुंग लाकडे निघाली. लेहपासून ही खिंड अवघी चाळीस किलोमीटरांच्या आसपास, पण चढण जवळजवळ १,९०० मीटरांची. उंची ५,३५९ मीटर. बासष्ट वर्षांच्या गृहस्थांच्या मनात ही खिंड कित्येक वर्षांपासून घर करून होती. नागपूरला मित्रमंडळींना त्यांनी तिची उंची सांगून ठेवली होती.

अर्ध्याहून अधिक चढण झाली होती. एका वळणावर गाडी किंचित उशिरा वळली. दुसऱ्या वळणावर पुन्हा तसेच झाले. दोन आठवडे शेजारी बसून पत्नीला त्या हातांची सवय पूर्ण ठाऊक झाली होती. त्यांनी गाडी रुंद जागी थांबवायला लावली आणि पतीला खाली उतरून रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या रेषेवरून, टाचेला अंगठा लावीत, दहा पावले चालायला सांगितले. ही परीक्षा त्यांनी निघण्यापूर्वी वाचून वहीत टिपली होती. पतीने हसत सुरुवात केली. चौथ्या पावलाला ते रेषेबाहेर गेले. पुन्हा चालले, पुन्हा गेले.

"परत फिरू," पत्नी म्हणाल्या.

"अगं, समोर तर आहे खिंड. अर्ध्या तासाचा प्रश्न आहे."

"कारण विचारायचे नाही असे ठरले होते."

काही क्षण ते तसेच उभे राहिले. मग त्यांनी खिशातून किल्ली काढून पत्नीच्या हातावर ठेवली. नागपूर सोडल्यापासून पहिल्यांदाच त्या गाडीच्या चाकामागे बसल्या आणि लेहपर्यंतचा सारा उतार त्यांनी दुसऱ्या गतीत, एकही वाहन न ओलांडता, उतरवला. वाटेत पती एकदाच बोलले. पहिल्या रात्रीपासून डोके दुखत आहे, हे त्यांनी तेव्हा सांगितले. त्यावर पत्नी काही बोलल्या नाहीत. त्यांचे लक्ष रस्त्यावर होते.

लेहला वैद्यकीय तपासणी झाली, काही तास प्राणवायू देण्यात आला, आणि संध्याकाळपर्यंत त्यांना बरे वाटू लागले. अशा अवस्थेत आणखी सातशे मीटर चढून जाणे प्राणावर बेतले असते, आणि वेळेवर खाली उतरणे हाच यावर पहिला आणि सर्वांत खात्रीचा उपचार आहे, असे डॉक्टरांनी त्यांना सांगितले. दोन दिवसांनी ती दोघे आल्या वाटेने परत निघाली. फोटू लापर्यंत पत्नीने गाडी चालवली, पुढे पतीने. आणि ही वाटणी मग नागपूरपर्यंत टिकली. ज्यांना खारदुंगची उंची सांगून ठेवली होती, त्यांना पतीने घरी आल्यावर आपण तेथे का पोचलो नाही हे स्वतःच सांगितले. त्यांतील दोघे पुढच्या वर्षी निघण्याच्या बेतात होते. त्यांनी वही उतरवून घेतली.

पर्वताकडे जाणाऱ्या वाटा येत्या काळात आणखी सुलभ होत जातील. झोजीखालचा बोगदा पुरा झाला की वर्षभर लडाखला जाता येईल, आणि तेथील लोकांच्या दृष्टीने ती फार मोठी गोष्ट असेल. हिवाळ्यात आजारी माणसाला रुग्णालयापर्यंत नेण्याची सोय ही कोणत्याही सहलीहून मोलाची आहे. परंतु प्रवाशाच्या बाबतीत या सुलभतेला दुसरी बाजू आहे. पूर्वीचा वाटसरू पायी किंवा घोड्यावरून दिवसाला दहा-पंधरा मैल जाई, तेव्हा चढणच त्याला सावकाश चढायला लावी आणि शरीराला जुळवून घेण्यास अवधी मिळे. त्या अवधीसाठी त्याला वेगळा संयम करावा लागत नसे. आता तो अवधी प्रवाशाने आपण होऊन द्यायचा आहे: कारगिलला एक रात्र अधिक, लेहला दोन दिवस काहीही न करता, आणि डोके दुखत असेल तर ते बरोबरच्या माणसाला त्याच रात्री सांगून. रस्ते बांधणाऱ्यांनी आपला पुष्कळ वेळ वाचवून दिला आहे. उंचीवर गेल्यावर त्यातला थोडा शरीराला परत द्यावा लागतो.